नाल्यावरचे पांढरे खडे

वहिनींचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत, शिकवते त्या शाळेतून घरी निघत होते. "गुरुजी गेले व… सकाळी चहा घेतला अन् गेले." वहिनी म्हणजे भास्कर गुरुजींची सून. हिवरखेडजवळच्या आमच्या लहानशा गावात गुरुजींनी पहिली-दुसरीची लेकरं शिकवली. त्यातलीच मी एक, आमच्या घरातली पहिली पदवीधर. भूगर्भशास्त्र घेतलं तेही त्यांच्यामुळेच.

दर शनिवारी ते लेकरांना नाल्यावर नेत. सगळ्यांनी एकच लांब दोर धरायचा आणि सर्वांत हळू चालणारं लेकरू पुढे. "त्याच्या पायानं चाला रे, एस्टी नाई सुटून राहिली," म्हणायचे. काठावर काळा दगड उघडा पडलेला, त्याच्या पोकळ्यांत पांढरे चकचकीत खडे. लाव्हा थंड होताना आत वायूचे बुडबुडे कसे अडकले, हे ते उकिडवे बसून सांगत. पांढऱ्या खड्यांना ते गारगोटी म्हणत. आम्हीही.

निवृत्तीनंतरही हा क्रम चालूच होता. बी.एस्सी. झाल्यावर एका शनिवारी मी सोबत गेले आणि लेकरांसमोर खिळ्यानं खडा ओरखडला. "गुरुजी, ही गारगोटी नाही. गारगोटीवर खिळ्याचा ओरखडा उठत नाही. हे कॅल्साइट आहे." मला हुशारी दाखवायची होती, हे आज कबूल करते. गुरुजींनी चष्मा पुसला. "म्हंजे इतकी वर्षं मी लेकरायले चुकीचं सांगून राहिलो?" एक चिमुरडी म्हणाली, "गुरुजी, तुमी नापास." सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले.

पुढे वहिनींकडून कळलं, ते जुन्या विद्यार्थ्यांना गाठून चूक दुरुस्त करत होते. चाळिशीतला सलूनवाला म्हणाला होता, "गुरुजी, आता माहा पेपर कोन तपासते?" "पेपर राहू दे, पोराले तर सांगशीन," गुरुजी म्हणाले.

नाल्यावर मात्र ते स्वतः काही सांगेनासे झाले. "वैशू येईन अन् सांगन," एवढंच. वैशू म्हणजे मी. मला तेव्हा नोकरी लागली होती. फोनवर विचारत, "या शनिवारी येतं का? लेकरं वाट पाहून राहिली." मी म्हणे, पुढच्या. असे दोन हिवाळे गेले. मग त्यांनी विचारणं सोडलं. लेकरंही येईनाशी झाली आणि ते एकटेच नाल्यावर जाऊ लागले…

तेरवीनंतर वहिनींनी त्यांची खोली उघडून दिली. खाटेखाली, फळीवर, सगळीकडे दगड. प्रत्येकाखाली चिठ्ठी, काही नावं खोडून पुन्हा लिहिलेली. खिडकीतल्या एका हिरवट खड्याखाली नाव नव्हतं. लिहिलं होतं, 'वैशूले विचारणे.'

मी तो उजेडात धरला, भिजवून पाहिला, बराच वेळ घेऊन बसले. मलाही ओळखता आला नाही. 'गुरुजी, मलाही येत नाही,' एवढं सांगायला एक शनिवार पुरला असता.