एका पानासाठी सगळे पत्ते

"कॉन्व्हेंटवाली काय बोलायची न्हाय. जमलं न्हाय म्हणून आपणच सरांना सांगू," प्रोजेक्टमधला माझा कळस गावचा जोडीदार लॅबच्या दारात मित्राला म्हणाला.

बारामतीच्या कॉलेजात आम्ही संगणकात दुसरा संगणक चालवणारा प्रोग्राम लिहिला होता. तो फार रेंगाळायचा, आणि प्रोजेक्टची परीक्षा दुपारीच होती. आतल्या संगणकाच्या मेमरीतलं एक पान, म्हणजे तिचा एक तुकडा, जागेवरून हललं, की आमचा प्रोग्राम सगळ्या पानांचे जपून ठेवलेले पत्ते पुसायचा आणि एकेक पुन्हा शोधत बसायचा. हे मला सकाळी दिसलं होतं. पण कॉन्व्हेंटात शिकल्यामुळे माझं मराठी अडखळतं, म्हणून मी ते सांगितलं नव्हतं.

जोडीदार आत आला. मशीन बंद करायला त्याने हात पुढे केला.

"थांबा," मी म्हणाले. "सगळे पत्ते नका पुसू. हललेल्या पानाचा तेवढा पुसू या."