पांढऱ्या पाठीचं गिधाड

चाकूरच्या कचेरीतला तो कारकून रोज टपरीवर मला मोबाइल दाखवायचा. त्याच्या परसामागच्या माळावर मेलेली जनावरं टाकत. हालचाल झाली की फोटो काढणारा कॅमेरा त्यानं तिथल्या बाभळीला बांधला होता. "चोच बघा भाऊ, लांब हाय. हे दुसऱ्या जातीचं गिधाड. आपल्याला पायजे ते पांढऱ्या पाठीचं. पंख उचलल्याबिगर कळायचं न्हाई."

जनावर आणणाऱ्या प्रत्येकाला तो विचारायचा, "दुखण्याची सुई टोचली होती का?" ते वेदनाशामक औषध टोचलेल्या जनावराचं मांस खाऊन गिधाडं मरतात. माझा बैल मेला तेव्हा त्यानं मलाही विचारलं. बैलाला आदल्या दिवशीच टोचली होती. पण बैल ओढत आणला होता, मी पार थकलो होतो; हो म्हटलं तर तो परत न्यावा लागला असता. "न्हाई," म्हणालो.

दुसऱ्या सकाळी तो पळतच टपरीवर आला. फोटोत माझ्या बैलाशेजारी एका गिधाडानं पंख उचलले होते. "पांढरी पाठ! सहा वर्षांत पहिल्यांदा! तुमच्यामुळं, भाऊ."

मग मात्र मला राहवेना. "सुई दिली होती," मी म्हणालो.

चहा तसाच टाकून तो माळाकडं धावला. मी पोचलो तेव्हा तो त्याच गिधाडांना दगड मारून हाकलत होता, डोळ्यांत पाणी. माझ्याकडं वळून ओरडला, "बघत काय राहिलास? मार दगड!"

इतक्या वर्षांत त्यानं मला पहिल्यांदाच अरेतुरे केलं.