पाऊस आला की

लॉकडाऊनमध्ये गोदामातली शिफ्ट संपवून मी संध्याकाळी वेरिबी या आमच्या उपनगरात परतायचो, तेव्हा बसमध्ये बहुतेक वेळा आम्ही दोघेच असायचो. मी आणि हॉस्पिटलच्या निळ्या गणवेशातले एक मराठी काका. त्यांचं नाव विचारायचं मला कधी धाडस झालं नाही. बसल्या बसल्या ते बुटांच्या नाड्या सैल करायचे आणि फोनवर इंग्लंडमधल्या काउंटी मॅचची कॉमेंट्री लावायचे. तिकडे तेव्हा सकाळ असायची.

एकदा मॅचच्या शेवटच्या दिवशी त्यांच्या काउंटीला जिंकायला बारा धावा हव्या होत्या आणि शेवटची जोडी खेळत होती. मैदानावर ढग दाटून आले होते.

"पाऊस नको यायला," मी म्हणालो.

"येऊ दे रे," काका थकल्या आवाजात म्हणाले. "माझा धाकटा भाऊ तिथे बसलाय. त्याची बायको गेली तेव्हा इथली बॉर्डर बंद. मला जाता आलं नाही. आता मॅच असली की तो एकटाच जाऊन बसतो. खेळ चालू असताना फोन उचलत नाही. पाऊस आला की मात्र स्वतःहून करतो."

तेवढ्यात चौकार गेला. मला तो नकोसा वाटला.

मग पाऊस आला आणि खेळ थांबला. काकांनी कॉमेंट्री बंद केली आणि फोन दोन्ही हातांत धरून बसले. त्यांचा स्टॉप मागे गेला, तरी उठले नाहीत. मीही आठवण करून दिली नाही.

फोन वाजला.

"बोल रे," ते म्हणाले. "भिजला नाहीस ना?"