सरल गणित क्लासवर लाल बटण

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण मी केलेली ही घाण आधी पूर्ण ऐका.

सेकंड इयरला कॉलेज सोडलं आणि इंदूरच्याच एका ऑफिसात चिकटलो. शाळांच्या कॉम्प्युटरवर कुठली वेबसाइट उघडेल हे ठरवणारं फिल्टर असतं ना? त्याच्यासाठी मी जाहिरातींची पानं तपासतो. बरं असलं तर हिरवं बटण, फसवं असलं तर लाल. एका पानाला दहा सेकंद. यात न्याय काय होणार, घंटा?

मोठे कोचिंगवाले 'सिलेक्शन पक्का' लिहितात, तरी हिरवे! वरून आलेल्या यादीत त्यांची नावं असतात. तेच एखाद्या साध्या मास्तरानं लिहिलं की लाल. मी टीम लीडर लोकेशला म्हटलं, "भिया, ये तो सरासर बेईमानी है."

"तू क्रांती मत कर. बटन दबा."

दाबलं. 'सरल गणित क्लास'. भडक अक्षरं, 'सौ टका गॅरंटी', खाली मोबाइल नंबर. लाल!

आठवड्यानं क्लासच्या मालकाचा फेरतपासणीचा अर्ज आला. आम्हाला नाव दिसत नाही, नुसता मजकूर. 'मैंने पैंतीस वर्ष अध्यापन किया है…' ही म्हातारी माणसं! प्रत्येक अर्जात आत्मचरित्र. दोन ओळी वाचल्या, पुन्हा लाल.

त्या संध्याकाळी बाबा जेवेनात. रिटायर्ड मास्तर, आता गॅलरीत फळा लावून शिकवणी घेतात. कॉलेज सोडल्यापासून माझ्याशी बोलतात ते आईमार्फत.

"त्याला सांग, शाळेत माझं पान उघडलं की 'फसवी जाहिरात' येतं. अर्ज केला, तोही नाकारला. होती ती चार मुलंही गेली."

मी हातातला घास ताटात ठेवला. "क्लासचं नाव काय, बाबा?"

"बघ! घरात राहतो, नाव माहीत नाही. सरल गणित."

आणि तो नंबर? फोनमध्ये 'बाबा' म्हणून सेव्ह केलेला नंबर पाठ कोणाला असतो हो?

सकाळी लोकेशकडे धावलो. "दो बार लाल? अब छह महीने लॉक. किस गधे ने किया?" स्क्रीनवर माझाच आयडी.

घरी आलो तर बाबांनी गॅलरीतला फळा उतरवून ठेवलेला. धीर करून अर्धंच खरं सांगितलं, "आमच्या ऑफिसातल्या एकानं केलं, न वाचता."

कित्येक महिन्यांनी बाबा थेट माझ्याशी बोलले. "असं पोरगं मी लगेच ओळखतो. घेऊन ये त्याला. फुकट शिकवतो, अगदी पहिलीपासून."

आता त्यांना कसं सांगू? पहिलीपासून दहावीपर्यंत त्यांनीच शिकवलंय त्याला.