दिवस बुडायच्या आत गवा

निपाणीहून सकाळी सातला निघायचं ठरलं होतं आणि सात वाजून दोन मिनिटांनी आम्ही निघालो. ती दोन मिनिटं माझे यजमान भूपालराव यांच्या हरवलेल्या चपलेची. माझ्या यादीत खोट नव्हती. टॉर्च, डासांचं मलम, आधारकार्डाच्या झेरॉक्स, उलटीच्या पिशव्या, सगळ्यांपुढं खूण होती. ही यादी मी मे महिन्यातच केली होती. पण तेव्हा वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी भूपालरावांना कांजिण्या आल्या आणि जंगलची सहल डिसेंबरवर गेली. यादी तीच ठेवली. चांगली यादी कोण फेकून देतं?

संकेश्वरपाशी उसाच्या ट्रॅक्टरनं रस्ता अडवला. दोन ट्रॉल्या, त्यावर कर्कश गाणं, आणि मागं आम्ही वरातीसारखे. काकती मागं पडली, बेळगाव आलं. शहापुरातून माझी थोरली बहीण आक्का हिला घ्यायचं होतं. तिच्या गल्लीत मोटार शिरते, पण परत निघत नाही. म्हणून भूपालराव मुख्य रस्त्यावर थांबले आणि यंत्रमागांच्या खटखटाटातून मी आक्काच्या तीन पिशव्या वाहून आणल्या.

"एवढा उशीर? माझा डबा पाचला भरून झालाय," आक्का मागच्या सीटवर बसत म्हणाली.

आक्काला वाघात रस नव्हता. तिला गवा बघायचा होता. तिचे यजमान तरुणपणी खानापूरच्या रानात गवा मागं लागला म्हणून पळाले होते, असं ते जन्मभर सांगत. ते जाऊन तीन वर्षं झाली. "त्यांच्या सगळ्या थापा तपासून झाल्या. ही एकच ऱ्हायलीय," ती म्हणाली.

खानापूरच्या पुढं झाडाखाली दुपारचं जेवलो. मग झाडं दाट होत गेली आणि मोबाईलची रेंज विरळ. काळी नदीच्या खोऱ्यातल्या राष्ट्रीय उद्यानाजवळ मुक्कामाची खोली घेतली होती. तिथं सामान टाकलं आणि आठ किलोमीटरवरच्या सफारीच्या फाटकाशी पावणेचारला हजर झालो. पंधरा मिनिटं आधी. मी स्वतःवर खूश होते.

फाटकावर पाटी होती : सफारी चार ते साडेसहा. माझ्या यादीतही तेच होतं, आणि त्याखाली : 'आक्काचं जेवण, परतल्यावर.'

"अगं सुमन," भूपालराव सावल्यांकडं बघत म्हणाले, "आता दिवस सहाला बुडतोय."

मेमध्ये तो सातला बुडतो. यादी मेमधली होती.

वाचकांसाठी सांगते. आम्ही जैन. मी आणि भूपालराव या बाबतीत जरा ढिले, पण आक्का चाळीस वर्षं दिवस बुडाल्यावर पाण्याचा थेंबही घेत नाही. त्यात तिला साखरेचा आजार. दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत पोट रिकामं ठेवलं तर ती चक्कर येऊन पडणार, हे डॉक्टरांनी मला बजावलेलं. कांदा-लसणामुळं हॉटेलचं तिला चालत नाही. आणि डबा खोलीवर.

"शाळंत हुशार हुतीस म्हणं तू," आक्का म्हणाली.

"आपण सफारी सोडू या, आक्का."

"गवा बघिटल्याबिगर मी न्हाय जात."

शेवटी भूपालरावांनी जंगल सोडलं. डबा आणून पावणेसहाला फाटकाशी उभं राहायचं त्यांनी कबूल केलं. चेहरा दुःखी केला, पण मोटारीची किल्ली फारच चपळाईनं उचलली. जीपमध्ये हुबळीचं एक कुटुंब होतं. अज्जींसाठी (आजींसाठी) लवकर वळायला ते तयार झाले. आमचा वाटाड्या बसप्पाही.

जंगल सुंदर होतं, असं मला नंतर सांगण्यात आलं. मी घड्याळ बघत होते. बसप्पानं शेकरू दाखवलं, धनेश दाखवला. आक्का प्रत्येक वेळी विचारायची, "किती वाजले?" सव्वापाचला आम्ही परत वळलो, आणि वळणावरच बसप्पानं जीप थांबवायला लावली.

"काटी," तो कुजबुजला. काटी (गवा) रस्त्याच्या मधोमध, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय रोवून, कडेच्या बांबूची पानं ओढत होता.

आक्का बघतच राहिली. "बाई गं... एवढा?" मग हळूच म्हणाली, "म्हंजे पळाले ते खरंच की. आणि मी हासले." तिनं पदरानं नाक पुसलं.

हुबळीकर खटाखट फोटो काढत होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. गवा जागचा हलेना. साडेपाच. पावणेसहा. ऊन सागवानाच्या शेंड्यांवर चढलं.

"बघिटलं तुला, बघिटलं," आक्का गव्याला म्हणाली. "आता सर की रं बाजूला! माझं जेवाण ऱ्हायलंय!"

"अज्जी, सुम्म (गप्प)!" बसप्पा कळवळला.

लोक गवा दिसावा म्हणून येतात. आम्ही दोघी, तो जावा म्हणून हात जोडून बसलो होतो. शेवटी तो गेला, पण स्वतःच्या सोयीनं. मग ड्रायव्हरनं जीप अशी हाणली की माझी टोपी जंगलात राहिली.

फाटकाशी भूपालराव डबा उघडून, हातात तांब्या घेऊन उभे होते. सूर्य झाडांना टेकला होता. आक्का कट्ट्यावर बसली आणि भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगाचटणी एकदमच खाऊ लागली. हुबळीकर अर्धवर्तुळ करून, जरा लांबून बघत होते. त्यांच्यातला एकजण कॅमेरा उचलू लागला, तर बसप्पानं ओठांवर बोट ठेवून त्याला थोपवलं. आक्कानं शेवटचा घास गिळला, गोळी घेतली, पाणी प्यायली, झाकण लावलं. त्यानंतर सूर्य गेला.

"ऊटा आतेन्री (जेवण झालं का)?" बसप्पानं विचारलं.

"आत्री (झालं)," आक्का म्हणाली. हुबळीकरांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी परतताना बेळगावच्या अलीकडं मला एक गोष्ट सुचली. तो गवाही तिथं उगीच उभा नव्हता, त्याचंही संध्याकाळचं जेवणच चाललं होतं. पाहुणे म्हणून जाऊन आम्ही त्याला भरल्या ताटावरून उठवायला बघत होतो. मला जरा लाज वाटली. तसं मी आक्काला बोलून दाखवलं.

आक्काला नव्हती वाटली. "त्याला कसली घाई?" ती म्हणाली. "त्याला रातभर चालतंय की."