दसऱ्याचं कुंकू समजून न पुसलेली रेघ

मंडळी, आज थोडक्यात वाचलो.

ड्रेस्डेनला आल्यापासून माझी एकच सायकल आहे, जुनी, स्टीलची. सीटखालच्या नळीवर एक लालसर रेघ दिसायची. मला वाटायचं, दसऱ्याला लावलेलं कुंकू. आईने व्हिडिओ कॉलवर पूजा सांगताना "पुसू नकोस" म्हटलं होतं, म्हणून पुसलं नाही.

आज ब्रेकसाठी दुकानात नेली. तिथल्या बाईंनी फडकं फिरवलं. कुंकू नव्हतंच, गंज होता. आणि गंजाखाली चीर.

"वेल्डिंग होईल, पण जोडाच्या शेजारी नळी पुन्हा तडकू शकते," त्या म्हणाल्या.

फ्रेम बदलायला मन होईना. आईला फोन लावून सगळं सांगितलं.

"अरे, त्या दिवसापुरतं म्हटलं होतं, वर्षभर नव्हे. नवी घे बाबा."

फ्रेम नवी घेतोय. तिलाही दसऱ्याला कुंकू लावीन. दुसऱ्या दिवशी मात्र पुसून बघीन.

तुम्ही बघता का?