पोटात लागलेला गळ

ती गोष्ट आठवली की आधी एक कटला मासा आठवतो. पोट फाटलेला, अंड्यांनी भरलेला. नोकरीत याहून मोठी प्रकरणं पाहिली, पण कुणी एखादी आठवण सांगा म्हटलं की मला हीच सांगावीशी वाटते. नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. शिपाई म्हणून भरती झालो, फौजदार म्हणून निवृत्त झालो आणि आता या वयात बी.ए.ला नाव घातलं आहे. आमच्या घरात कॉलेजचं पुस्तक हातात धरणारा मीच पहिला. त्यामुळे वाक्यं रिपोर्टासारखी झाली तर सांभाळून घ्यावं.

गंगापूर तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याला लागून आमच्या ठाण्याची हद्द होती. तिथले लोक गोदावरीला गंगाच म्हणतात. काठावरच्या एका गावात मच्छीमारांची सोसायटी होती. त्यांचा एक जुना नियम होता. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या जुन्या घाटाच्या पायऱ्या वर येतात. तिसरी पायरी उघडी पडली की घाटाखालचा डोह बंद. त्यात कुणी जाळं टाकायचं नाही, कारण उरलेले मोठे मासे तिथंच गोळा होतात आणि पावसाळ्यात त्यांचीच पिल्लं पुढं सगळ्यांना मिळतात. नियम मोडेल त्याचा मासेमारीचा पास रद्द. सरकारी कागदावर हे कुठंच नव्हतं, पण गावात त्याहून पक्का कायदा नव्हता.

मे महिन्यात, तिसरी पायरी उघडी पडून डोह बंद झाल्यावर, एका सकाळी सोसायटीचे चेअरमन सात-आठ माणसं घेऊन ठाण्यात आले. सोबत गोणपाटात मेलेला कटला आणि मध्ये एक म्हातारा. म्हाताऱ्याला सगळे आबा म्हणत.

"साहेब, डोहात हप्ता झाला, पोट फाटलेले मासे वर येऊ लागलेत," चेअरमन म्हणाले. "आन् ह्याच्या खोपीत हे घावलं."

त्यांनी टेबलावर सायकलचे स्पोक, तांब्याची तार आणि एक अर्धवट गळ ठेवला. तीन स्पोक वाकवून तारेनं एकत्र बांधलेले, तीन दिशांना तीन काटे. माशाच्या पोटात अगदी तसाच गळ रुतलेला होता, त्यालाही तीच तार, तसेच वेढे. मी तो सोडवून घेतला. त्याला हिरवा, बारीक दोरा होता.

आमचे जमादार गंगापूरचे. सुट्टीच्या दिवशी स्वतः गळ टाकून बसणारा माणूस. त्यांनी मासा उलटापालटा केला, तोंड उघडून पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, मछली ने कुछ खायाच नहीं. तोंडात खूणच नाही. हा गळ आमिषाचा नाही. जिथं मासे दाटलेत तिथं फेकायचा आणि जोरात झटका मारायचा. पोटात लागो, पाठीत लागो, ओढून काढायचा."

"मग गळ टाकून बसण्यात आणि यात फरक काय?" मी विचारलं.

"लई फरक, साहेब. तिथं मासा येतो की नाही ते त्याच्या मनावर असतं. इथं त्याला विचारतंय कोण?"

मी आबांना विचारलं. ते खाली पाहत म्हणाले, "म्याच केलं."

इतकंच. का, कधी, कशानं, काही नाही. "म्याच केलं साहेब, लिहून घ्या." चेअरमन म्हणाले, "झालं मग. बुधवारच्या मीटिंगला पास रद्द." आबांचा थर्माकोलचा तराफा त्यांनी आधीच काठावर ओढून ठेवला होता. आबांना शेत नव्हतं. घरी आजारातून नुकती उठलेली बायको होती. पास गेला की घरातली चूल गेली, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी जबाब लिहायला घेतला. खरं सांगतो, अर्धा लिहूनही झाला होता. कबुली हाती आली की पोलिसाचा पेन आपोआप चालतो. थांबलो ते त्या हिरव्या दोऱ्यामुळं. तो हौशी लोकांच्या रीळवाल्या गळाच्या काठीचा होता आणि आबा आयुष्यभर जाळ्यावर जगले होते.

आम्ही सगळे घाटावर गेलो. जमादारांनी आपली काठी आणली आणि आबांच्या हातात दिली. "आबा, जसं केलं तसं करून दाखवा. डोहाच्या मध्यात फेका."

आबांनी काठी धरली ती उलटी. रीळ वर की खाली, हेच त्यांना कळेना. फेकायला गेले तर शिसं त्यांच्याच पायापाशी पडलं आणि दोऱ्याचा गुंता झाला.

"आबा, तो काय बैलाचा कासरा हाय का?" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. चेअरमनही हसले, आणि मग हसता हसता आबांच्या हातांकडं पाहू लागले. सगळ्यांच्या लक्षात एकदमच आलं असावं.

मी आबांना बाजूला पायरीवर बसवलं. "गळ कुणासाठी वळले?"

"साहेब, म्या वळले म्हंजी म्याच मारले. हात माझेच ना?"

"तुम्हाला माहीत होतं ते कशासाठी आहेत?"

"नव्हतं. दगडात अडकलेला दोरा काढाया पायजे, म्हनला त्यो. मग त्या माशाच्या पोटात माझी तार दिसली."

"त्याला विचारलं नाही?"

"माझी बायको ज्यानं आपल्या गाडीत घालून शेहरातल्या दवाखान्यात नेली, जित्ती घरी आणली, त्याला काय इचारू?"

नाव त्यांनी सांगितलं नाही आणि मीही रेटून विचारलं नाही. संभाजीनगरहून रविवारी आपापल्या गाड्यांनी, रीळवाल्या काठ्या घेऊन पाच-सहा हौशी गळवाले यायचे. सोसायटी त्यांना डोह सोडून गळ टाकायची पावती फाडून द्यायची. रविवारी मी आणि जमादार साध्या कपड्यांत काठावर गेलो. गळवाल्याला मासा कुठं मिळाला ते विचारलं तर तो गप्प राहील, पण फोटो मागितले तर सगळे दाखवील. जमादारांची ही युक्ती.

त्यांच्यात एक निवृत्त मास्तर होते. सगळे त्यांना सर म्हणत. मृदू बोलणारे, भेटेल त्याला डब्यातलं देणारे. आम्हालाही थालीपीठ दिलं. त्यांच्या मोबाईलमध्ये सगळ्यांत मोठे मासे होते. मी एकेक फोटो पाहत गेलो. प्रत्येक फोटोत त्यांचा एक पंजा माशाच्या पोटावर होता. एकाही माशाच्या तोंडात गळ नव्हता.

जमादारांनी आपला फोन काढला. त्यात ठाण्यात आणलेल्या मेलेल्या कटल्याचा फोटो होता. दोन्ही फोन त्यांनी शेजारी शेजारी धरले. दोन्हीकडं शेपटीचं वरचं टोक तुटलेलं. तोच मासा.

सर पाहतच राहिले. "पण मी तर याला सोडला होता," ते म्हणाले. "मी एकही मासा मारला नाही हो. मी खातसुद्धा नाही. फोटो काढतो, गळ निघाला नाही तर दोरा कापतो आणि हळूच पाण्यात सोडतो."

मी खिशातला गळ काढून त्यांच्या डब्याशेजारी ठेवला. "सर, पोट फाटलेला मासा पाण्यात सोडला म्हणजे तो मरताना आपल्याला दिसत नाही, इतकंच."

ते रडले नाहीत. पण डब्याचं झाकण लावायला त्यांना फार वेळ लागला. मग हळूहळू सांगू लागले. हौशी मंडळींचा मोबाईलवर गट होता. सगळ्यांचे फोटो यायचे, यांना काही लागायचं नाही. एकदा चुकून माशाच्या पाठीत गळ रुतला, फोटो टाकला आणि पहिल्यांदा सगळ्यांनी वाहवा केली. शाळेतून निवृत्त झाल्यापासून इतक्या लोकांनी त्यांचं नाव घेतलं नव्हतं. मग चुकून झालेलं मुद्दाम होऊ लागलं.

"आबांनी गुन्हा कबूल केलाय," मी म्हणालो. "बुधवारी त्यांचा पास जातोय."

"आबांनी? का?"

"त्यांच्या बायकोला दवाखान्यात कुणी नेलं, ते आठवा. बाकी तुम्हीच समजून घ्या."

कायद्याचं म्हणाल तर मी पुस्तकं चाळली. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारले तर काय करायचं, ते मला माहीत होतं. झटका मारून पोटात गळ रुतवणाऱ्याला मी कोणतं कलम लावावं, ते मला सापडलं नाही. मत्स्य खात्याच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, पावतीच्या अटी सोसायटीने बघाव्यात. स्टेशन डायरीत मी लिहिलं, 'चौकशी केली, दखलपात्र गुन्हा आढळला नाही, अर्ज निकाली.' दोन ओळी.

बुधवारी मी मीटिंगला गेलो, तेव्हा सर आधीच येऊन बसले होते. उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांची पावती कायमची बंद झाली. मग एक जण म्हणाला, "पर गळ तर आबानंच वळले. त्याचं काय?" आबा उठून उभे राहिले. "व्हय, वळले. पास घ्या." चेअरमननी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "पास ठिव तुझ्याकडंच. पानी येईस्तोवर तराफा घेऊन डोहावर राखण कर. पुन्हा गळ वळायचा आसंल तर कुणासाठी, ते आधी सोसायटीत सांगायचं." सगळ्यांनी हात वर केले. सरांनीही वर केला. मग आपलं मत नाही हे लक्षात येऊन खाली घेतला.

गुन्हाच नोंदवला नव्हता, त्यामुळं तो गळ मुद्देमालात नव्हता. आबांनी तो माझ्याकडून मागून घेतला. पायरीवर बसून पकडीनं तांब्याची तार सोडवली आणि तिन्ही स्पोक एकेक करून सरळ केले. सर शेजारी बसून सुटलेली तार गुंडाळत होते.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? कबुली देणाऱ्याचे हात ते काम करू शकतात का, हे आधी पाहावं, हे तर नक्कीच. दुसरं मला अजून नीट मांडता येत नाही. आम्ही पोलीस कलम सापडलं नाही की फाईल बंद करतो. त्या गावात पायरी उघडी पडली की लोक आपणहून जाळं आवरतात. यातला मोठा कायदा कोणता, हे मी नोकरीत असताना कुणाला विचारलं नाही.

त्या दिवशी घाटावरून निघताना मी आबांना विचारलं, "हे स्पोक आता सायकलला चालतील का?"

त्यांनी एक स्पोक डोळ्यांसमोर धरून पाहिला. "दिसाया सरळ दिसतो साहेब," ते म्हणाले, "पर वाकला व्हता तिथं जपाया लागंल."